विषय: शाळेच्या टाकीची जाडी

जे जाड असते ते मजबूत असते, हे सत्य इतके उघड आहे की आजवर ते कोणी सिद्ध करून पाहिलेले नाही. आमच्या नगर बांधकाम कार्यालयाचा सगळा कारभार याच सत्यावर उभा आहे. कार्यालयाच्या भिंती जाड आहेत, दरवाजे जाड आहेत, फायली त्याहून जाड आहेत, आणि कामासाठी येणाऱ्या नागरिकाची कातडी पहिल्या तीन फेऱ्यांत पुरेशी जाड व्हावी अशी चोख व्यवस्था आहे. मी इथे सव्वीस वर्षे अहवाल लिहितो. माझा एकही अहवाल चाळीस पानांखाली गेलेला नाही, आणि त्यातला एकही कोणी खोटा ठरवू शकलेले नाही. (वाचलेलाही नाही, पण ती बाब वेगळी.)

आमच्या मुख्य अभियंत्यांना सगळे ‘नऊइंची साहेब’ म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण तोंडावर म्हटले असते तरी साहेबांना आवडलेच असते. एकतीस वर्षांच्या सेवेत त्यांनी चार हजार आठशे सोळा भिंतींवर सही केली, आणि त्यातली एकही नऊ इंचांपेक्षा कमी नव्हती. पैकी एकशे तीन पडल्या. परंतु पडतानासुद्धा त्या पूर्ण नऊ इंची होत्या, असे नोंदीवरून दिसते.

अशा या कार्यालयात एका सकाळी एक इंच भिंतीचा अर्ज आला.

अर्ज टेकडीवरच्या शाळेचा होता. या शाळेला जायला एकशे बारा पायऱ्यांची गल्ली आहे. गल्लीची रुंदी इतकी की समोरून शेजारीण आली तर आधी भांडण मिटवावे लागते, मग पुढे जाता येते. शाळेत एकशे साठ मुले आणि पाण्याची एक जुनी टाकी. टाकी नऊ इंची, आमच्याच कार्यालयाने बांधलेली, आणि तळापासून गळकी. सकाळी भरली की दुपारच्या सुट्टीपर्यंत तिच्यातले पाणी खालच्या गल्लीत पोचलेले असे. मुले दप्तरासोबत पाण्याच्या दोन-दोन बाटल्या घेऊन पायऱ्या चढत. पहिलीतल्या एका मुलीने घरी सांगितले होते की शाळेत सध्या पाणी आणायला शिकवतात, अक्षरे पुढच्या वर्षी आहेत.

त्यातच वरून पत्र आले. ज्या शाळेत पाण्याची पक्की सोय नाही, ती येत्या सत्राच्या आरंभी बंद करून मुलांना नदीपलीकडच्या शाळेत पाठवावे. (नदीपलीकडच्या शाळेतही पाणी नव्हते, पण ती नदीजवळ असल्याने असल्यासारखेच धरले जाई.)

शाळेच्या मोठ्या बाई पंचवीस वर्षे त्या पायऱ्या चढत आल्या होत्या. त्यांनी ठेकेदारांना विचारले. विटा, खडी, वाळू आणि सळया वर कशा न्यायच्या, या प्रश्नाशी येऊन प्रत्येक ठेकेदाराला दुसरे काम आठवे. शेवटी कोणीतरी त्यांना मावशीचे नाव सुचवले.

मावशी म्हणजे एक गवंडीण. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज बारीक, हात मोठे. तिचे वडील नदीवर सिमेंटच्या होड्या बांधत. सिमेंटची होडी म्हटल्यावर लोक हसत, मग त्याच होडीत बसून पलीकडे जात आणि उतरल्यावर पुन्हा हसत. वडिलांकडून मावशीने ती विद्या उचलली. तिला पुस्तकात फेरोसिमेंट म्हणतात. करायचे इतकेच, की बारीक सळयांचा सांगाडा उभा करायचा, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीचे थर त्याच्या आतून-बाहेरून गुंडाळायचे, तारेने घट्ट आवळायचे आणि त्यात घट्ट कालवलेला वाळू-सिमेंटचा माल दाबून भरायचा. भिंत होते इंचभर जाड. सिमेंट जाळीला गंजू देत नाही, जाळी सिमेंटला तडकू देत नाही. बऱ्याच संसारांत हे जमत नाही, म्हणून आमच्या साहेबांचा त्यावर विश्वास नव्हता.

मावशीने टाकी पाहिली, पायऱ्या पाहिल्या आणि मोठ्या बाईंना म्हणाली, “जाळीची गुंडाळी डोक्यावरून येईल. सिमेंट मुलांचे आईबाप एकेक घमेलं आणतील. बाकी मी आणि माझी सून.”

“दोघीच?”

“तिसरी व्यक्ती आली की चर्चा सुरू होते, बाई.”

सून लग्नाआधी एका दुकानात बिलांवर शिक्के मारायची. सासूच्या हाताखाली तिची ही पहिलीच टाकी. या कामाला माणसे दोनच लागतात, पण ती समोरासमोर लागतात. एकाने आतून माल दाबायचा, दुसऱ्याने त्याच जागी बाहेरून फळी धरून थोपवायचा. त्यामुळे सून टाकीच्या आत आणि सासू बाहेर, मधे एक इंच. हे अंतर कार्यालयाच्या मते अपुरे होते. दोघींना ते पुरले. आतून “आई, इथे?” असे यायचे, बाहेरून “अजून चार बोटं वर” असे जायचे. सातव्या दिवशी सुनेने विचारणे बंद केले आणि मावशीने सांगणे. एकोणीस दिवसांत आठ हजार लिटरची टाकी उभी राहिली. सात फूट रुंद, आठ फूट उंच, वर घुमटासारखे झाकण. पुढचे चौदा दिवस दोघींनी तिला ओली पोती गुंडाळून पाणी पाजले. तापातल्या लेकराच्या कपाळावर घड्या ठेवाव्यात तशी सून दर तासाला पोत्यांना हात लावून बघे.

आमच्याकडे शाळेची किरकोळ बांधकामे करायला परवानगी लागत नाही. केलेले वापरायला लागते. (यामुळे नागरिकाचा उत्साह टिकून राहतो.) मोठ्या बाईंनी वापर परवान्याचा अर्ज भरला. त्यात ‘भिंतीची जाडी’ या रकान्यात नऊ हा आकडा नागरिकांच्या सोयीसाठी आधीच छापलेला असतो. आजवर सर्वांनी या सोयीचा लाभ घेतला होता. बाई मात्र गणिताच्या शिक्षिका. त्यांनी नऊवर काट मारून एक लिहिले, आणि खाली खाडाखोड केल्याबद्दल सही केली.

सचोटीमुळे कार्यालयाचा किती वेळ वाया जातो, याची आकडेवारी अद्याप उपलब्ध नाही.

आमच्या तक्त्यात नऊ इंच म्हणजे पक्की भिंत, साडेचार म्हणजे तात्पुरती, तीनच्या खाली फर्निचर, आणि दीड इंचाखाली जे काही पाणी धरते ते भांडे. नियमानुसार अर्ज भांडार विभागाकडे गेला. भांडारपाल दक्ष माणूस. त्याने ‘आठ हजार लिटरचे भांडे, नग एक’ अशी नोंद करून शाळेला पत्र पाठवले, की सदर भांडे तपासणीसाठी कार्यालयाच्या कपाटात आणून ठेवावे. मोठ्या बाईंनी उत्तर दिले, की कपाट इकडे पाठवल्यास बरे होईल. या पत्रव्यवहारात अकरा दिवस गेले. शेवटी भांडारपालानेच शेरा मारला, ‘भांड्यास कान नाहीत, सबब उचलता येत नाही’, आणि फाईल साहेबांकडे परत आली.

तेव्हा साहेबांनी स्वतः जाण्याचा निर्णय घेतला. एकशे बारा पायऱ्या चढायला त्यांना चाळीस मिनिटे लागली, कारण प्रत्येक वळणावर त्यांनी परिसराची पाहणी केली. वर पोचल्यावर त्यांनी टाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग म्हणाले, “मावशी, भिंत कुठे आहे?”

“हीच की, साहेब.”

“हे तर गिलाव्यासारखं दिसतं. गिलाव्याच्या मागे काय आहे?”

“सून.” सून तेव्हा आत उतरून तळ पुसत होती.

साहेबांनी बोटाच्या पेराने टाकी वाजवली. ती घंटेसारखी वाजली. आतून सुनेने “कोण आहे?” असे विचारले.

“मजबूत भिंत वाजत नाही,” साहेब मला म्हणाले. “लिहा.” मी लिहिले.

मावशीने मग नीट समजावून सांगितले. पाणी भिंतीला बाहेर ढकलते, तो ताण जाळी सगळीकडे वाटून घेते. तडा जायचाच झाला तर एक मोठा न जाता केसासारखे बारीक जातात, आणि तेही बहुधा पाण्याने आपोआप भरून येतात. साहेबांनी सर्व ऐकून घेतले. ऐकून घेणे हा त्यांच्या कार्यपद्धतीचा भाग आहे. त्यानंतर त्यांनी आदेश दिला, ‘बांधकाम अत्यंत कमकुवत असून विद्यार्थ्यांच्या जिवास धोका आहे. सबब ते चार दिवसांत पाडून टाकावे.’

मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या. सत्र सुरू व्हायला बारा दिवस होते. सून टाकीच्या तोंडातून डोके बाहेर काढून ऐकत होती, ती पुन्हा आत गेली आणि बराच वेळ वर आली नाही. मावशी झाकणाशी वाकून हळूच म्हणाली, “रडायचं तर रड, पण कडेला बस. मधे ओल राहते.”

“आई, तुम्हाला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. माझ्या बापाच्या पहिल्या होडीवर लोकांनी दगड टाकून पाहिले होते. मी तुझ्याएवढीच होते. मला दगडांचं वाईट वाटलं, होडीचं नाही.” मग थांबून म्हणाली, “आतली बाजू तू केलीस. मी काल हात फिरवून बघितला. मला नाव ठेवायला जागा मिळाली नाही. शोधली होती.”

दुसऱ्या दिवशी पाडकाम पथक आले. पथकात एक मुकादम आणि दोन घणकरी. मुकादम म्हणजे आमच्या कार्यालयाचा सर्वांत अनुभवी माणूस. एका घावात नऊ इंची भिंत उतरवतो. (आमच्या भिंती यासाठी त्याला नेहमीच सहकार्य करीत आल्या आहेत.) यंत्र गल्लीत शिरत नसल्याने काम हातानेच करायचे होते. पाडकामाची अधिकृत प्रगती खालीलप्रमाणे झाली.

पहिल्या दिवशी सेहेचाळीस घाव घातले. ताटलीएवढा एक पोचा पडला. सिमेंटचे चार टवके उडाले, जाळी जागची हलली नाही. घण मात्र प्रत्येक वेळी मारणाऱ्याकडे परत आला.

दुसऱ्या दिवशी पथकाला कालचा पोचा सापडला नाही. मावशीने संध्याकाळी मूठभर माल घेऊन तो बुजवला होता. आदेशात टाकी पाडण्याविषयी होते, दुरुस्तीविषयी काहीच नव्हते, आणि शाळेच्या मालमत्तेची देखभाल करणे हे तर प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. पथकाने नवीन पोचा पाडला.

तिसऱ्या दिवशी तो पोचाही सापडला नाही. एका घणाचा दांडा मोडला. दुसऱ्या घणकऱ्याच्या खांद्यात कळ आली. मावशीने त्याला चहा दिला आणि शेक कसा घ्यायचा ते सांगितले.

चौथ्या दिवशी मुकादमाने घण खाली ठेवला आणि विचारले, “मावशी, याचं छप्पर होतं का?”

“होतं. घुमटी छप्पर. खाली खांब लागत नाहीत.”

“माझ्या घराचं गळतं.”

“माप आण. आणि दुपारी बांधायला येत जा. जाळी आवळायला तुझे हात बरे आहेत.”

त्या संध्याकाळी पाडकामाचा अहवाल लिहायला मी बसलो. माझ्या कारकिर्दीतली ही सर्वांत कठीण घटका. टाकी मजबूत आहे असे लिहिता येत नव्हते, कारण ती कमकुवत असल्याचा साहेबांचा आदेश फाईलला लागलेला होता. पाडली असे लिहिता येत नव्हते, कारण ती खिडकीतून दिसत होती. तेव्हा मी लिहिले, ‘सदर टाकी इतकी कमकुवत आहे की व्यवस्थित पाडून घेण्याचे बळही तिच्यात उरलेले नाही.’ साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचले. एकतीस वर्षांत प्रथमच ते म्हणाले, “उद्या पुन्हा वर जाऊ. काहीतरी मार्ग काढायला हवा. आता हिला पाडता येत नाही आणि ठेवता येत नाही, म्हणजे ही कार्यालयातल्या माणसासारखी झाली.”

मी तुम्हाला साहेबांविषयी गैरसमज होऊ देणार नाही. साहेब दुष्ट नाहीत. वर पोचल्यावर पहिलीतल्या त्या मुलीने आपली बाटली त्यांच्यापुढे धरली, तेव्हा त्यांनी फक्त दोन घोट घेतले आणि बाटली स्वतः झाकण लावून परत दिली. त्यानंतर ते टाकीपेक्षा त्या बाटलीकडेच जास्त बघत होते.

नियमांचे पुस्तक माझ्याकडे होते. सुनेने ते बघायला मागितले. बिलांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला बारीक अक्षर वाचायची सवय असते, हे आम्ही कोणीच लक्षात घेतले नव्हते. तिने पायरीवर बसून अर्धा तास ते वाचले. (स्थापनेपासून ते संपूर्ण वाचणारी ती पहिलीच.) मग तिने पदर खोचला आणि उठली.

“साहेब, इथे लिहिलंय, भिंतीची जाडी म्हणजे एका बाहेरच्या पृष्ठापासून दुसऱ्या बाहेरच्या पृष्ठापर्यंतचं अंतर, मधल्या भरावासह.”

“बरोबर,” साहेब म्हणाले. “जुन्या काळी दोन दगडी थरांमधे मुरूम भरत. त्यासाठी आहे ते.”

“मुरूम असं नाव नाही घातलेलं. नुसतं भराव आहे.”

“मग?”

“टाकीची बाहेरची बाजू ही. दुसरी बाहेरची बाजू पलीकडे, ती.”

“आणि मधे?”

“आज काही नाही. पण भरली तर भराव होईल.”

मावशी सुनेकडे अशी बघत होती, की तिच्या स्वतःच्या हातातली थापी खाली पडली आणि तिने ती उचलली नाही. साहेबांनी खिशातून टेप काढला. एक टोक मी धरले, दुसरे टोक घेऊन ते स्वतः टाकीच्या पलीकडे गेले. पलीकडून त्यांचा आवाज आला, आणि तो नेहमीचा नव्हता.

“चौऱ्याऐंशी.”

“इंच?” मी विचारले.

“इंच. लिहा. अक्षरी पण लिहा.”

चार हजार आठशे सोळा भिंतींमध्ये अशी भिंत साहेबांनी पाहिली नव्हती. आमच्या कार्यालयाच्या इतिहासातली ती सर्वांत जाड भिंत ठरली, नऊ इंचीच्या नऊपटीहून तीन इंच अधिक. परवान्यावर मी नोंद केली, ‘भिंतीची जाडी ८४ इंच, पैकी सिमेंट २, भराव ८२.’ साहेबांनी सही केली आणि मावशीला म्हणाले, “इतकं दणकट बांधकाम करायचं होतं तर आधीच सांगायचं.”

“चुकलं, साहेब,” मावशी म्हणाली.

आता एक तांत्रिक अडचण राहिली. टाकी रिकामी झाली की भिंत पुन्हा एक इंचाची होणार, म्हणजे बेकायदा होणार. मुलांनी पाणी प्यायले की दर घोटागणिक भराव घटणार. म्हणून परवान्यात सातवी अट घालण्यात आली, की मंजूर बांधकामाची जाडी कायम राखण्यासाठी भराव सदैव काठोकाठ ठेवावा, आणि ही जबाबदारी कार्यालयाची राहील. आठवड्याच्या आत टेकडीवर पाइप चढला. बावीस वर्षे ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’ या शेऱ्याखाली पडून असलेले हे काम पाच दिवसांत झाले, कारण आता प्रश्न पाण्याचा नव्हता, भिंतीचा होता. रोज सकाळी आमचा एक निरीक्षक एकशे बारा पायऱ्या चढून काठीने भिंतीची जाडी मोजतो. मुलांनी जास्त पाणी वापरले तर तो त्यांना रागावत नाही, खाली येऊन पंपवाल्याला रागावतो. सत्र वेळेवर सुरू झाले. मुलांच्या दप्तरातून बाटल्या गेल्या, आणि ती पहिलीतली मुलगी ‘क’पर्यंत पोचली आहे.

मावशी हल्ली सुनेला बाहेरच्या बाजूला उभी करते आणि स्वतः आत बसते. कोणी विचारले तर म्हणते, “आत सावली असते.”

टाकीची कीर्ती झाली. दुरून दुरून लोक बघायला आले, टाकी वाजवून गेले, आणि सगळे आमच्या साहेबांना हसले. इतक्या साध्या गोष्टीत कार्यालयाला इतके दिवस का लागले, असे त्यांनी विचारले. तुम्हीही हे वाचताना कुठेतरी तसे हसला असाल, आणि ते योग्यच आहे. तुम्ही सुरुवातीपासून मावशीच्या बाजूने आहात.

म्हणूनच एक गोष्ट तुमच्या कानावर घालतो. कार्यालयाने आता घरांच्या छपरांसाठी योजना काढली आहे. मावशी आणि तिची सून येतील, इंचभर जाडीचे, बिनखांबी, हलके छप्पर घालून देतील. त्याच्याखाली तुमचा पलंग असेल, शेजारी तुमचे लेकरू झोपलेले असेल. नावे लिहायला एक वही ठेवली आहे. आजवर तीनशे बारा कुटुंबांनी चौकशी केली. छप्पर उत्तम आहे, शाळेसाठी अगदी योग्य आहे, असे सर्वांनी एकमुखाने सांगितले, आणि स्वतःच्या घरासाठी जरा जाड काही मिळेल का, असे विचारले.

वहीत सध्या मुकादमाचे एकच नाव आहे. दुसऱ्या ओळीवर तुमच्यासाठी जागा राखून ठेवली आहे, पेनही बांधून ठेवले आहे. (अभिप्रायाची वही वेगळी आहे. तशा दोन भरल्या. तिसरी चालू आहे.)